‘कट्’ वाजल्यावरचा झटका

पारोळ्याजवळ हायवेला लागून नानांचं गॅरेज आहे. नव्या पोराने टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला पोचलं की ‘कट्’ वाजणारा पाना, मागितला की नाना आपला हात पुढे करतात. "हाऊ घे. मना हातच काटा शे!" टॉर्क पाना काढलाच, तर ‘कट्’ वाजल्यावरही ते वरून एक झटका देतात. "हा आपला खान्देशी टॉर्क," म्हणतात.

गंमत अशी की पाना मोजतो ते पिळायला लागणारं बळ. आपल्याला हवा असतो बोल्टातला ताण. बोल्ट आवळला की तो केसभर लांबतो, स्प्रिंगसारखा परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग घट्ट धरून ठेवतो. ढोबळमानाने 100 न्यूटन-मीटर (पिळण्याच्या बळाचं माप) जोर लावला, तर 50 डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 आट्यांमध्ये. ताणायला उरतो जेमतेम 10. आता आट्यांना ऑइल चोपडून घर्षण 90 वरून 85 वर आणा. बोल्टाच्या वाट्याला 10 ऐवजी 15, म्हणजे दीडपट! पान्यावरचा आकडा मात्र तोच. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा ऑइल लावलेल्या बोल्टाला वापरला की बोल्ट तुटतो तो असा.

आणि तो ‘कट्’ कसला? पान्याच्या मुठीत दाबलेली स्प्रिंग आतला ठोकळा सरळ धरून असते. जोर तिच्या दाबापलीकडे गेला की ठोकळा कलंडतो आणि आतली दांडी नळीवर आपटते. बस, एवढंच. हाताला कोणी अडवत नाही. वापर झाल्यावर पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा असतो. तसाच दाबून ठेवला, तर स्प्रिंग हळूहळू सैल पडते. शिवाय 5,000 वेळा वापरल्यावर किंवा वर्षभराने त्याचं कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे खात्रीच्या मापाशी ताडून पाहायचं. या आकाराच्या पान्याला 4 टक्के फरक माफ. ही तपासणी 18 ते 28 अंश तापमानात करावी असं मानक सांगतं. मे महिन्यात आमच्याकडे हे वाचून लोक हसतात.

बाजारातल्या काट्यावर शिक्का नसेल तर नाना केळी घेत नाहीत. पाना मात्र कित्येक वर्षांत तपासलेला नाही. एकदा आम्ही व्हाइसमध्ये बोल्ट घट्ट पकडला, पाना आडवा लावला आणि मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर, मुठीला, 10 किलोची दोन वजनं टांगली. 20 गुणिले 9.8 गुणिले अर्धा, म्हणजे 98 न्यूटन-मीटर. पाना 98 वर लावला, तर वजन पुरतं सोडायच्या आधीच ‘कट्’. 105 वर लावला, तरी ‘कट्’. 112 ला कुठे गप्प बसला. म्हणजे इतकी वर्षं पाना घाईने वाजत होता आणि नट थोडे ढिलेच राहत होते.

नाना मिशीत हसले. "मंग? तो झटका काय उगीच देतो का मी?"