नाव न घेता हाक: ख्रिस्ती स्तवन आणि धाव्यामागची पार्श्वभूमी

29 जून 2008 रोजी रोमहून जगभरच्या कॅथलिक बिशप-परिषदांना एक पत्र गेले. त्याचा परिणाम पार गायकवृंदांच्या वह्यांपर्यंत पोचला. उपासनेत, गीतांत आणि प्रार्थनांत देवाचे चार अक्षरी हिब्रू नाव उच्चारायचे नाही, त्या जागी 'प्रभू' या अर्थाचा शब्द वापरायचा, असा त्याचा आशय होता. वरवर पाहता ही नवी बंदी वाटते. प्रत्यक्षात पत्राने दोन हजार वर्षांहून जुनी रीत पुन्हा लागू केली. मोडली गेली होती ती अलीकडच्या काळात. देवाला पूज्य मानणे, त्याचा धावा करणे आणि त्याचे स्तवन करणे या तिन्ही गोष्टींचा ख्रिस्ती इतिहास या एका नावाभोवती फिरतो, म्हणून आधी त्याचाच गुंता सोडवायला हवा.

योद, हे, वाव, हे ही ती चार व्यंजने. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या मूळ हिब्रू भागात, हे नाव सुमारे 6,800 वेळा येते. मराठी पवित्र शास्त्रात जिथे 'परमेश्वर' दिसतो तिथे मुळात सहसा हेच नाव असते. 'देव' हा शब्द वेगळ्या हिब्रू शब्दासाठी आहे. इंग्रजी छपाईत हा फरक सगळी अक्षरे मोठी छापून दाखवतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे आपल्याकडे शब्दच वेगळा ठेवला आहे, आणि वाचकाला ते सोयीचेही पडते.

नाव टाळण्याची सुरुवात स्तोत्रसंहितेतच, म्हणजे जुन्या करारातल्या स्तोत्रांच्या संग्रहातच, दिसू लागते. स्तोत्र 14 आणि स्तोत्र 53 शेजारी ठेवून वाचावीत. रचना जवळजवळ एकच आहे, पण पहिल्यात जिथे 'परमेश्वर' तिथे दुसऱ्यात 'देव'. स्तोत्र 42 ते 83 या गटात ही प्रवृत्ती सर्वत्र आहे. संकलकाने असे का केले हे त्याने लिहून ठेवलेले नाही. पुढे लेवीय 24:16 मधील शिक्षेचे कलम ग्रीकमध्ये नेताना भाषांतरकारांनी घेतलेला निर्णय मात्र बोलका आहे. हिब्रू क्रियापदातून 'निंदा करणे' असाही अर्थ निघतो आणि 'स्पष्ट उच्चारणे' असाही. त्यांनी दुसरा निवडला. म्हणजे ख्रिस्तपूर्व शतकांतच नुसते नाव उच्चारणे हाही अपराध मानणारे वाचन रूढ होत होते. यरुशलेमचे मंदिर उभे होते तोवर याजक आशीर्वाद देताना नाव लिहिल्याप्रमाणे घेत, मंदिराबाहेर मात्र पर्यायी शब्द. प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजकाच्या तोंडून ते ऐकताच लोक पालथे पडत, असे यहुदी परंपरा सांगते. इ.स. 70 मध्ये मंदिर पडले आणि उच्चाराची ती जागाही गेली. उरली ती वाचनाची रीत: डोळ्यांनी चार अक्षरे पाहायची आणि तोंडाने 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', म्हणायचे.

ग्रीक जुन्या कराराच्या सर्वांत जुन्या काही यहुदी तुकड्यांत ग्रीक मजकुराच्या मध्येच हिब्रू अक्षरे तशीच लिहिलेली सापडतात. ख्रिस्ती प्रतींत मात्र त्या जागी 'क्युरिओस', म्हणजे प्रभू, आहे. इथेच धाव्याला ख्रिस्ती वळण मिळाले. योएल 2:32 मधले वचन आहे की जो कोणी परमेश्वराच्या नावाचा धावा करील त्याचे तारण होईल. ग्रीकमध्ये तिथे 'क्युरिओस' येते. प्रेषितांची कृत्ये 2:21 आणि रोमकरांस पत्र 10:13 मध्ये तेच वचन उद्धृत होते, आणि रोमकरांसच्या आधीच्या ओळींत 'प्रभू' कोण हे सांगितलेले असते: येशू. ग्रीक वाचकाला दोन्हीकडे एकच शब्द दिसत होता, त्यामुळे जोड आपोआप कळत होती. मराठीत योएलात 'परमेश्वर' आणि रोमकरांसमध्ये 'प्रभू' असल्याने ती जोड तुटते. बायबल-अभ्यासात हा दुवा दाखवायचा तर दोन्ही वचने समोरासमोर ठेवूनच दाखवावा लागतो. एकट्या रोमकरांसवरून कुणाच्या लक्षात येत नाही. फिलिप्पैकरांस 2:9-11 मधील 'सर्व नावांहून श्रेष्ठ नाव' हेही बहुधा 'प्रभू' हेच आहे, कारण तिथला गुडघा टेकण्याचा उल्लेख यशया 45:23 मधून, खुद्द परमेश्वराच्या तोंडच्या वाक्यातून, आला आहे.

या काळातली सर्वांत जुनी हाक अरामी भाषेत उरली आहे. करिंथकरांस पहिले पत्र 16:22 मधले 'मारानाथा' कसे तोडायचे यावर अर्थ ठरतो: 'मारान आथा' म्हटले तर 'आमचा प्रभू आला आहे', 'माराना था' म्हटले तर 'आमच्या प्रभू, ये'. प्रकटीकरणाच्या शेवटी तीच विनवणी ग्रीकमध्ये येते, म्हणून दुसरी फोड अधिक पटते. लेखनिकांनीही आपल्या परीने पूज्यभाव जपला. दुसऱ्या शतकापासूनच्या ख्रिस्ती प्रतींत देव, प्रभू, येशू आणि ख्रिस्त हे शब्द पहिले नि शेवटचे अक्षर लिहून वर आडवी रेघ ओढून येतात. जागा वाचवण्यासाठी हे नव्हते, कारण त्याच पानावर मोठमोठे शब्द सबंध लिहिलेले असतात.

आता 'यहोवा' या शब्दाकडे. याच्याइतका घोळ दुसऱ्या कुठल्या शब्दाने घातलेला नाही. हिब्रू लेखन मुळात व्यंजनांचे. सहाव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान पाठ जपणाऱ्या यहुदी विद्वानांनी स्वरचिन्हे बसवली, आणि चार अक्षरांपाशी आल्यावर वाचकाला आठवण राहावी म्हणून त्यांवर 'अदोनाय'चे स्वर चढवले. आपण 'रु.' असे लिहिलेले पाहून 'रुपये' वाचतो, नुसते 'रु' कोणी वाचत नाही. तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे लिहिलेल्याची व्यंजने एका शब्दाची आणि स्वर दुसऱ्या शब्दाचे. 'अदोनाय'चा पहिला अतिऱ्हस्व 'अ' कंठ्य अक्षराखालीच लागतो, 'योद'खाली तो साधा अर्धस्वर होतो. म्हणून पहिले अक्षर 'य' असे निसटते राहिले, पुढे 'हो', मग 'वा'. ज्याला ही वाचनरीत ठाऊक नव्हती त्याने सगळे जसेच्या तसे वाचले आणि 'यहोवा' तयार झाला. दोन पुरावे या जोडकामाची खात्री पटवतात. मूळ मजकुरात जिथे 'अदोनाय' आणि चार अक्षरे लागोपाठ येतात, तिथे 'अदोनाय अदोनाय' असे दोनदा वाचायला नको म्हणून चार अक्षरांवर 'एलोहीम'चे, म्हणजे 'देव' या शब्दाचे, स्वर असतात. नावाचे स्वतःचे स्वर असे जागेनुसार बदलले नसते. शिवाय हिब्रू जुन्या कराराच्या 1008 सालच्या प्रसिद्ध संपूर्ण हस्तलिखितात बहुतेक ठिकाणी मधल्या 'ओ'ची खूणच नाही.

तेराव्या शतकापासून लॅटिन ग्रंथांत हे जोडरूप दिसू लागले. 1530 च्या इंग्रजी भाषांतरात ते निर्गम 6:3 मध्ये आले. 1611 च्या अधिकृत इंग्रजी भाषांतराने ते स्वतंत्रपणे फक्त 4 ठिकाणी आणि स्थळनामांत 3 ठिकाणी ठेवले, बाकी बहुतेक सगळीकडे 'प्रभू'. सुरुवातीचा 'य' इंग्रजीत 'ज' झाला. मराठीतले 'यहोवा' त्या मानाने लॅटिन उच्चाराजवळ राहिले आहे. विसाव्या शतकात मात्र हेलकावे मोठे झाले. 1901 च्या अमेरिकन सुधारित आवृत्तीने जुन्या करारात सर्वत्र तेच रूप घातले. 1952 च्या आवृत्तीने ते काढून टाकले. त्यासाठी दिलेली कारणे दोन: हे रूप हिब्रूत कधीच वापरात नव्हते, आणि एकमेव देवाला इतर देवांपासून वेगळे ओळखण्यासाठी विशेषनाम लागावे हे सार्वत्रिक विश्वासाला शोभत नाही. दुसरे कारण वजनदार आहे आणि ते पुरेसे चर्चिले गेलेले नाही. 1950 साली एका पंथाने तर नव्या करारात 237 ठिकाणी हे नाव बसवले, जेव्हा नव्या कराराच्या एकाही ग्रीक हस्तलिखितात चार अक्षरे नाहीत. रोमकरांस 10:13 मध्ये तसे केले की तिथला धावा येशूपासून तोडला जातो. बदल भाषांतराचा म्हणून सांगितला जातो, पण धक्का शिकवणुकीला बसतो.

त्याच चार अक्षरांचे 'याहवे' हे रूप तुलनेने सावध आहे. पाचव्या शतकातल्या एका ग्रीक लेखकाने शोमरोनी लोकांचा उच्चार नोंदवला आहे, त्यावर आणि व्याकरणावर ते बेतलेले आहे. 1966 साली इंग्रजीत निघालेल्या एका कॅथलिक भाषांतराने ते सर्रास वापरले, आणि तिथून ते गीतांत शिरले. 2008 चे पत्र मुख्यतः याच लाटेला उत्तर होते. त्यातली एक सूचना भाषांतरकारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे: चार अक्षरे एकटी असतील तर 'प्रभू', पण 'अदोनाय' आधीच शेजारी असेल तर 'अदोनाय'ला 'प्रभू' आणि चार अक्षरांना 'देव'. स्वरचिन्हे बसवणाऱ्यांनी काढलेला तोडगाच इथे पुन्हा वापरला आहे. गीतांचे काम अवघड गेले. इंग्रजीत 'याहवे'ला दोन अवयव, 'लॉर्ड'ला एक. नुसता शब्द बदलला की चाल लंगडते, म्हणून बहुधा पुढे 'ओ' जोडावा लागतो. तेवढे न करता शब्द बदललेली गीते गाताना अर्धी मंडळी जुना शब्द म्हणते आणि अर्धी नवा.

नावाभोवतीचा पूज्यभाव मधल्या काळात नाहीसा झाला नव्हता, तो येशूच्या नावाकडे सरकला होता. 1274 साली ल्यों येथील परिषदेने ते नाव ऐकताच, निदान मस्तक तरी लववावे, असा नियम केला. इंग्लंडच्या चर्चने 1604 मध्ये तसाच नियम घातला आणि प्युरिटन लोकांनी, म्हणजे तिथल्या कडव्या सुधारणावाद्यांनी, त्याला विरोध केला. त्यांच्या मते एका शब्दावर वाकणे ही बाह्य विधीची भक्ती होती. 'येशू' या नावाच्या पोटातही 'याह तारतो' हा अर्थ आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असूनही वादात फारसे आले नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये येशूच्या नावाची छोटी प्रार्थना श्वासाच्या लयीत पुन्हा पुन्हा म्हणण्याची रीत होती. 'देवाचे नाव हाच देव' असे म्हणणाऱ्या रशियन संन्याशांना त्यांच्या चर्चने 1913 मध्ये चुकीचे ठरवले, आणि त्याच उन्हाळ्यात युद्धनौकेतून आलेल्या सैनिकांनी ग्रीसमधल्या मठांच्या आथोस पर्वतावरून त्यांतल्या 800 हून अधिक जणांना हलवले. भक्ती आणि आदर यांतील सीमारेषेवरून याआधीही भांडण झालेच होते: 787 मध्ये निकाया येथे मूर्तिचित्रांना फक्त सन्मान द्यायचा आणि उपासना केवळ देवाची, असा भेद केला गेला. लॅटिन भाषांतरात दोन्हींसाठी एकच शब्द पडला आणि 794 मध्ये फ्रँकफर्टला तो निर्णय फेटाळला गेला.

स्तवनाकडे येताना 'हालेलूया'पासून सुरुवात करावी. 'हालेलू' म्हणजे 'तुम्ही स्तवा', अनेकवचनी आज्ञार्थ. 'याह' हे त्याच नावाचे लघुरूप. स्तोत्रसंहितेत ते पहिल्यांदा स्तोत्र 104 च्या अखेरीस येते, आणि नव्या करारात केवळ प्रकटीकरण 19 मध्ये, 4 वेळा. भाषांतर न होता ते सगळ्या भाषांत गेले, त्यामुळे नाव न उच्चारण्याचा दंडक पाळणारेही रोज ते अर्धे उच्चारतात. पाश्चात्त्य चर्च उपवासकाळात हा शब्द गाळते, पण त्याचे कारण पश्चात्तापाचा काळ हे आहे, नाव नव्हे.

हिब्रू स्तुतीचा साचा साधा असतो: आधी 'स्तवा' ही हाक, मग 'कारण' हा शब्द, मग देवाने काय केले ते. दोनच वचनांच्या स्तोत्र 117 मध्ये हा साचा पूर्ण दिसतो. आजच्या गीतांत बिघडतो तो मधला दुवा. हाक आठ वेळा येते आणि कारण एकदाही येत नाही. स्तुतीच्या सात हिब्रू शब्दांची शिकवण हाही असाच अलीकडचा प्रकार. 'यादा'चा संबंध हाताशी, म्हणून त्याचा अर्थ हात उंचावणे. 'बाराख'चा संबंध गुडघ्याशी, म्हणून गुडघे टेकणे, असे ती सांगते. पण जुन्या करारात देवही माणसाला 'बाराख' करतो, म्हणजे आशीर्वाद देतो, आणि देव माणसापुढे गुडघे टेकतो असे कोणी म्हणणार नाही. 'यादा'च्याच धातूपासून पाप कबूल करण्याचे क्रियापदही होते. शब्दाचा अर्थ वाक्यातून घ्यायचा असतो, धातूवरून अंदाजाने नव्हे.

धाव्याचा पाश्चात्त्य साचा पाच भागांचा आहे: संबोधन, देवाचा एखादा गुण किंवा कृत्य, मागणी, मागणीचा हेतू, आणि 'ख्रिस्ताच्या द्वारे' हा शेवट, ज्यावर मंडळी आमेन म्हणते. 397 मध्ये कार्थेज येथे ठरले की वेदीवरची प्रार्थना पित्याला उद्देशून करायची. उत्स्फूर्त प्रार्थनेत सर्वांत जास्त चूक इथेच होते. सुरुवात 'हे स्वर्गीय पित्या' अशी, मध्येच 'प्रभू, तू आमच्यासाठी वधस्तंभावर प्राण दिलास', आणि शेवटी पुन्हा 'तुझ्या पुत्राच्या नावाने'. पिता वधस्तंभावर गेला असे त्यातून निघते, आणि ही समजूत तिसऱ्या शतकातच नाकारली गेली होती. घोटाळा होतो तो 'प्रभू' या शब्दामुळे, कारण तो पित्यालाही चालतो आणि पुत्रालाही. उपाय छोटा आहे: दुसऱ्या भागात 'तू ज्याने' असे वाक्य संबोधनाला जोडून बोलावे आणि ज्याला हाक मारली त्याचेच कृत्य त्यात सांगावे. पित्याला हाक मारली असेल तर 'तू ज्याने आपला पुत्र आमच्यासाठी दिलास' असे.