मुलांना रंगभेद कळतच नाही, मग पुस्तकं वाचून तो विषय काढायचाच कशाला?

"लहान मुलं निरागस असतात, त्यांना रंग दिसत नाही, त्यावर बोललात तर उलट भेदभाव शिकतील" असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही पटकन, कारण त्यामागे मुलांची काळजीच असते.

पण दिसण्यातला फरक बाळांना खूप लवकर कळतो. नवजात बाळ सगळ्या वंशांच्या चेहऱ्यांकडे सारखंच बघतं, पण साधारण 3 महिन्यांचं झालं की ते आजूबाजूला जास्त दिसणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघतं. हा भेदभाव नाही हं, नुसती सवय आहे. भेदभाव नंतर येतो, कोण कुठे राहतं, गोष्टीत हिरो कोण, नोकर कोण हे मुलं बघत असतात आणि मोठे गप्प बसले की कारण स्वतःच ठरवतात. अमेरिकेत 1940 च्या दशकात काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या, तर बऱ्याच जणांनी गोरी बाहुली "चांगली" म्हणून निवडली, हे त्यांना कोणी धडा देऊन शिकवलं नव्हतं.

घरीच बघायचं असेल तर एखादं चित्रांचं पुस्तक उघडा, मजकूर झाका आणि विचारा, यातलं हुशार कोण वाटतं, वाईट कोण, आणि का? उत्तर ऐकून ओरडू नका, फक्त "असं का वाटलं?" एवढंच. मग कपाटातली बाकीची पुस्तकं चाळा, वेगळ्या रंगाचं मूल फक्त अन्याय सोसतानाच दिसतं की कुठे मजा करताना, कोडं सोडवतानाही दिसतं? माझ्या मते दुसऱ्या प्रकारची पुस्तकं आधी आणावीत.