भरतावरच्या तेलामागचा इतिहास

हिवाळ्यात जळगाव-यावलकडे शेतात भरताची पार्टी असली की मी चुलीपाशी जाऊन बसतो. हिरवी, मोठाली वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजून, सोलून लाकडी मुसळीनं ठेचलेली असतात. पातेल्यात शेंगदाण्याचं तेल तापतं, त्यात दाणे, लसूण-मिरचीचा ठेचा, कांद्याची पात पडते आणि शेवटी वांगं. कडेनं तेल सुटल्याशिवाय भरीत खाली उतरत नाही. पुण्या-मुंबईचा पाहुणा ते तेल बघून दचकतो. प्रमाणाबद्दल त्याचं म्हणणं खोटं नाही, कारण एका ग्रॅम तेलातून नऊ कॅलरी मिळतात आणि तेवढ्याच पिठातून साधारण साडेतीन. पण पातीतल्या कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि ते कॅरोटीन तेलाच्या सोबतीशिवाय आतड्यातून नीट शोषलं जात नाही.

हे कळायला फार वेळ लागला. चरबी आणि तेलं ही ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांची बनलेली असतात, हे फ्रान्सच्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञानं १८२३ पर्यंत मांडलं होतं. तरीही पुढची नव्वद वर्षं स्निग्ध पदार्थ म्हणजे नुसतं इंधन, अशीच समजूत राहिली. १९१३ साली अमेरिकेत मॅकॉलम आणि मार्गरीट डेव्हिस या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल दिलेल्या उंदरांची वाढ खुंटली. लोण्यातला स्निग्धांश मिळताच ते पुन्हा वाढू लागले. त्या स्निग्धांशात जे होतं, त्यालाच पुढे अ जीवनसत्त्व म्हणू लागले. १९२९ मध्ये बर या शास्त्रज्ञ दांपत्यानं याच्याही पुढे जाऊन उंदरांच्या आहारातून स्निग्धांश पूर्ण काढून टाकला. उंदरांच्या कातडीला खवले आले, शेपट्या झडू लागल्या, मूत्रपिंडं बिघडली. लिनोलिक आम्ल हे मेदाम्ल दिल्यावर ते सुधारले. म्हणजे काही मेदाम्लं शरीराला स्वतः बनवताच येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. पेशीचं आवरण त्यांच्यावर उभं असतं.

आपल्याकडे ही आम्लं करडई, तीळ, जवस आणि भुईमुगातून ताटात येत होती. गावातला घाणा बैल फिरवायचा. त्याच्या डोळ्यांवर झापड असायची, लाट करकरायची, तेल भांड्यात उतरायचं आणि ढेप गोठ्यात जायची. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ गटातलं आम्ल असतं, तेही शरीराला स्वतः बनवता येत नाही. शेंगदाण्याच्या तेलात सगळ्यात मोठा वाटा ओलिक आम्लाचा. सातपुड्यात मोहाच्या बियांचं तेल वापरत. त्यात संपृक्त मेद जास्त असल्यानं थंडीत ते थिजतं. खापराच्या मांड्यांवर मात्र साजूक तुपाचीच धार. कोणी ठरवून केलं नव्हतं, पण एकाच वर्षात घरात चार-पाच प्रकारचा स्निग्धांश फिरायचा.

या सगळ्यात मोठा बदल झाला तो जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरात. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी उभी केली. तीच आजची विप्रो. तिचा पहिला धंदा होता वनस्पती तूप, आणि त्याच्या जोडीला कपडे धुण्याचा साबण. तंत्र जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मानचं, त्याचं पेटंट १९०२ चं. गरम तेलात निकेलच्या सोबतीनं हायड्रोजन सोडला की तेलातल्या कार्बनच्या अणूंमधले दुहेरी बंध भरले जातात आणि पातळ तेल घट्ट होतं. साजूक तूप महाग झालेलं, आणि हे दिसायला तसंच रवाळ, शिवाय महिनोन्‌महिने खवट न होणारं. 'डालडा' १९३७ पासून बाजारात होताच, आणि पुढे कुठल्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले.

हे तूप साजूक तुपात मिसळलं जाईल, ही भीती सरकारलाही होती. म्हणून त्यात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती झाली. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखरेनं लाल रंग चढतो, त्यामुळे भेसळ तिथल्या तिथे उघडी पडायची. अ जीवनसत्त्वही वरून घालावं लागे. १९१३ च्या उंदरांनी शिकवलेलं असं थेट कारखान्यात पोचलं होतं.

एक गोष्ट मात्र तेव्हा कोणाला दिसली नव्हती. हायड्रोजन सोडताना सगळे बंध भरले जात नाहीत. उरलेल्यांपैकी बऱ्याच बंधांची ठेवण उलटते आणि ट्रान्स मेद तयार होतो. तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो आणि चांगलं कमी करतो, हे १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कटान यांनी दाखवलं. भारतात तेला-तुपातल्या ट्रान्स मेदाची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्क्यांवर आणि २०२२ पासून दोन टक्क्यांवर आली. अमळनेरच्या त्या पिढीला दोष द्यावा, असं मला वाटत नाही. त्यांनी त्या काळच्या उत्तम ज्ञानावरच काम केलं. खंत आहे ती मधल्या बत्तीस वर्षांची. धोका कळल्यानंतरही ते तूप लग्नाच्या पंगतीत आणि बेकरीच्या खारीत चालूच राहिलं.

तोवर घाणेही गेले होते. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, आणि आज देशाच्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. करडईचा पेरा देशभर आटला. एका घरात एकाच तेलाचा डबा, तोही वर्षभर, असं झालं.

जवसाची चटणी मात्र अजून काही घरांत टिकून आहे. माझी आजी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायची, लाल मिरची, लसूण, मीठ घालून कुटायची आणि लहान बरणीत आठवड्यापुरतीच भरायची. जास्त केली की खवट होते, म्हणायची. जवसातल्या ज्या दुहेरी बंधांमुळे ती खवट होते, ते भरून टाकल्यामुळेच वनस्पती तूप महिनोन्‌महिने टिकत होतं. आणि त्याच बंधांची आम्लं शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. आजी दर आठवड्याला नवी चटणी कुटायची.