अफू, फोर्टविन आणि आईचा गुडघा: ऑपरेशननंतरच्या दुखण्यामागची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात आईचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन सकाळी झालं आणि संध्याकाळी सहाला फिजिओवाली मुलगी वॉकर घेऊन हजर, चला काकू, उभं राहायचंय. आई उभी राहिली, चार पावलं टाकली, वर विचारते पाय माझाच आहे ना. सलाईनमधून पॅरासिटामॉल दर सहा तासांनी घड्याळ लावल्यासारखं, मांडीत ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन, दिलेला, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून मगच सुरू केलेली सुजेवरची एक गोळी, आणि अफूच्या घराण्यातलंच सौम्य ट्रामाडॉल फाइलवर होतं पण त्याच्यापुढे एसओएस लिहिलेलं, म्हणजे अगदीच सहन नाही झालं तर. माझी मावशी सरकारी हॉस्पिटलात ३० वर्षं सिस्टर होती, तिला हे बघून राहवेना. "आमच्या वेळी रात्री फोर्टविन-फिनर्गन ठोकलं की पेशंट सकाळपर्यंत गपगार. दुखतंय का ते कोण विचारतंय." (फोर्टविन हे अफूच्याच घराण्यातलं दुखण्याचं इंजेक्शन, फिनर्गन गुंगी आणणारं.)

हे बदललं कसं? बहुतेक जण सांगतात की अमेरिकेत ओपिऑइडने, म्हणजे अफूच्या घराण्यातल्या औषधांनी, हाहाकार माजवला म्हणून डॉक्टर सावध झाले. हे अर्धंच खरंय. अफू कमी करायची कल्पना त्याच्या आधीची आहे आणि तिचं मूळ व्यसनाच्या भीतीत नाहीच, पेशंटला लवकर पायावर उभं कसं करायचं या प्रश्नात आहे.

थोडं मागून सुरू करू. १८०५ च्या आसपास जर्मनीत सेर्ट्यूर्नर नावाच्या विशीतल्या औषधवाल्याने अफूतून मॉर्फीन वेगळं काढलं. १८४६ ला बोस्टनमध्ये ईथर हुंगवून, भूल देऊन जाहीर ऑपरेशन झालं, १८५३ च्या सुमारास कातडीखाली टोचायची सुई आली. झालं, गणित जुळलं: कापताना ईथर, शुद्धीवर आल्यावर मॉर्फीनचं इंजेक्शन. बारीकसारीक फरक सोडले तर हेच गणित पुढे जवळजवळ दीडशे वर्षं चाललं. व्यसन लागतं हे तेव्हाही माहीत होतंच की, पण त्यावर उपाय काय तर दुसरं "सुरक्षित" औषध काढायचं, आणि १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्यावर म्हणून जे बाजारात आणलं त्याचं नाव हेरॉइन.

त्याच काळात दुसरी वाटही फुटत होती, मेंदू झोपवण्याऐवजी नसच बधिर करायची. १८८४ ला व्हिएन्नात कार्ल कोलरने डोळ्यात कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला आणि काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हाल्स्टेड हा सर्जन नसेजवळ कोकेन टोचून आजच्या ब्लॉकचा पहिला अवतार करत होता. प्रयोग स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर. त्यातून त्याला कोकेनचं व्यसन लागलं, ते सोडवताना मॉर्फीनचं लागलं, ते पुढे वर्षानुवर्षं सुटलं नाही, आणि या सगळ्यात तो जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात अमेरिकन सर्जरीचा गुरू म्हणून गाजला. अफू वाचवायच्या तंत्राचा आद्य पुरुषच अफूत अडकलेला, असं कुणी रचून लिहिलं असतं तर आपण अतिच होतंय म्हणालो असतो.

१८९८ चाच दुसरा किस्सा कील शहरातला. आउगुस्ट बीअरने मणक्यात कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर करायचं ठरवलं आणि आधी स्वतःवर करून घ्यायला गेला, पण सिरिंजला सुई नीट बसेना, पाठीतलं पाणी गळत राहिलं. मग असिस्टंट हिल्डेब्रांट आडवा झाला. त्याला भूल लागली आणि बीअरने त्याच्या नडगीवर चक्क लोखंडी हातोडी हाणून बघितली, दुखलं नाही. दोघांनी रात्री वाइन पिऊन आणि सिगार ओढून साजरं केलं, नंतर दोघंही डोकेदुखीने हैराण. आज सिझरला किंवा हर्नियाला "पाठीत इंजेक्शन" देतात ते याच घराण्यातलं.

पुढच्या दोन दशकांत क्लीव्हलँडचा जॉर्ज क्राइल म्हणत होता की पेशंट झोपला तरी त्याच्या नसा जाग्या असतात, कापल्याचा निरोप मणक्यापर्यंत जातोच, तेव्हा झोपवा पण कापायची जागा आधी बधिरही करा. फारसं कुणी ऐकलं नाही. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फने उंदरांवर दाखवलं की दुखण्याचा मारा झाला की मणक्यातल्या पेशी चिडून बसतात आणि मग साधा स्पर्शही दुखायला लागतो, तेव्हा क्राइलच्या म्हणण्याला बूड मिळालं. आईला दुखायच्या आधीच घड्याळ बघून पॅरासिटामॉल का देत होते, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

पण माझ्या मते या गोष्टीचा खरा नायक कोपनहेगनचा सर्जन हेन्रिक केलेट. त्याचा प्रश्न साधा होता. ऑपरेशन नीट झालं, टाके नीट आहेत, तरी हा पेशंट आठ-दहा दिवस खाटेवर का? उत्तरं निघाली दुखणं, उलट्या, सुस्ती आणि झोपलेलं आतडं, आणि यातल्या दुखणं सोडून बाकी सगळ्यात मॉर्फीनचा हात. गॅस पास झाला का, असं डॉक्टर राउंडला येऊन विचारतात ना, तो गॅस अडवून धरणाऱ्यांत अफू पुढे असते. १९९३ मध्ये त्याने आणि यर्गन डालने लेख लिहिला की एकाच औषधाचा मोठा डोस नको, वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी औषधं थोडी थोडी एकत्र द्या, त्यालाच आता मल्टिमोडल म्हणतात. मग एपिड्युरल (पाठीत बारीक नळी ठेवून दिलेलं बधिर करायचं औषध), लवकर खाणं, त्याच दिवशी चालणं हे सगळं जोडून त्याने मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे पेशंट दोन-तीन दिवसांत घरी पाठवून दाखवले. ही सगळी मांडणी सुरू झाली तेव्हा ऑक्सिकॉन्टिन, अमेरिकेतल्या हाहाकाराशी जोडली गेलेली ओपिऑइड गोळी, बाजारात यायची होती, हे लक्षात ठेवा.

कारण अमेरिका तेव्हा नेमकी उलट्या दिशेने निघाली होती. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात एक पत्र छापून आलं होतं, लेख नाही, एका परिच्छेदाचं पत्र, की ओपिऑइड दिलेल्या ११,८८२ पेशंटमध्ये व्यसन लागल्याच्या नोंदी फक्त चार. ते पेशंट हॉस्पिटलात दाखल झालेले होते, घरी महिनोन् महिने गोळ्या खाणारे नव्हते, पण पुढे हे पत्र "व्यसन लागत नाही" याचा दाखला म्हणून फिरत राहिलं. १९९५ ला दुखणं म्हणजे पाचवं व्हायटल साइन अशी घोषणा आली, नाडी-बीपीसारखं तेही मोजा, शून्य ते दहा. १९९६ ला पर्ड्यू कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन विकायला सुरुवात. दुखणं विचारायला हवं हे बरोबरच होतं हो, मावशीचा गपगार पेशंट आठवा, पण आकडा चढला की गोळी वाढवायची एवढंच उत्तर उरलं. २००७ मध्ये कंपनीने औषधाची खोटी जाहिरात केल्याचा गुन्हा कबूल केला. पुढे लोक गोळ्यांवरून हेरॉइनवर गेले, मग त्याहून जहाल फेंटानिल आलं, आणि २०२१ या एका वर्षात ओव्हरडोसने १ लाखाहून जास्त अमेरिकन गेले, बहुतांश ओपिऑइडने.

सर्जन लोकांना आरसा दाखवला तो २०१७ च्या मिशिगनच्या अभ्यासाने. आधी ओपिऑइड न घेणारे सुमारे ३६ हजार पेशंट, त्यातले ६ टक्क्यांच्या आसपास ऑपरेशननंतर तीन महिने उलटले तरी गोळ्या घेतच होते. गंमत अशी की छोट्या आणि मोठ्या ऑपरेशनमध्ये फारसा फरकच नव्हता, म्हणजे जखमेचं दुखणं हे कारण पटत नाही. मग केलेटचे जुने लेख अमेरिकेत घाईघाईने उघडले गेले. त्यातही एक काळा डाग आहे, मल्टिमोडलवर खूप लिहिणारा मॅसॅच्युसेट्सचा स्कॉट रूबेन हा भूलतज्ज्ञ २००९ मध्ये पकडला गेला, २१ पेपरांतला डेटा बनावट, पुढे सहा महिने तुरुंग. बाकीच्यांच्या कामामुळे मूळ कल्पना टिकली.

आपल्याकडची गोष्ट पूर्ण वेगळी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, गिरणगावात कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला अफूची बाळागोळी देऊन झोपवायच्या, म्हणजे अफू काही आपल्याला परकी नव्हती. पण १९८५ ला अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा आला, किमान १० वर्षं सक्तमजुरी, कितीतरी परवाने, आणि केमिस्टनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फीनचा वापर ९७ टक्क्यांच्या आसपास घसरून १९९७ ला अख्ख्या देशात १८ किलोवर आला. सरकारी कारखान्यात अफू तयार होतेय आणि कॅन्सरचा पेशंट दुखण्याने तळमळतोय अशी अवस्था, त्यावर केरळच्या डॉ. राजगोपाल यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं भांडले तेव्हा कुठे २०१४ ला कायदा सैल झाला. मावशी सांगते वॉर्डात मॉर्फीन दोन कुलपांच्या कपाटात, रजिस्टरला दोन सह्या, रिकामी अँप्युलसुद्धा परत जमा करायची, मग कोण त्या भानगडीत पडणार. त्यापेक्षा फोर्टविन, कमरेत डायक्लोफेनॅक हे सुजेवरचं इंजेक्शन (गिधाडांच्या किडन्या संपवल्या तेच, क्रिएटिनिन बघतात ते उगाच नाही), आणि नंतर ट्रामाडॉल, जे २०१८ पर्यंत एनडीपीएसमध्ये नव्हतं म्हणून सोपं.

म्हणून "ओपिऑइड कमी करा" हे वाक्य अमेरिकेतून जसंच्या तसं उचलून आणलं की मला खटकतं. आपल्याकडे ते कमीच होतं, पण त्या जागी दुसरं काही नीट दिलं जात नव्हतं. फरक पडला तो सोनोग्राफीने. १९९० च्या दशकात व्हिएन्नाच्या भूलतज्ज्ञांनी पडद्यावर बघत नसेजवळ सुई नेणं सुरू केलं, आणि ब्लॉक अंदाजपंचे राहिला नाही. गुडघ्यासाठी आधी मांडीच्या वरच्या टोकाला फिमोरल नसेवर द्यायचे, दुखणं जायचं पण मांडीचं बळही जायचं, उठायला गेलं की पेशंट कोसळायची भीती. आता थोडं खाली अ‍ॅडक्टर कॅनालमध्ये देतात, तिथे मांडीचा जोर बराचसा शाबूत राहतो. आईची ती चार पावलं त्या काही इंचांची.

नवीन म्हणायचं तर ३० जानेवारी २०२५ ला अमेरिकेत सुझेट्रिजिन नावाच्या गोळीला परवानगी मिळाली, ही नसेतलाच दुखण्याचा एक सोडियम चॅनल बंद करते, अफूशी संबंध नाही. अशा चॅनलकडे लक्ष वेधलं ते २००६ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांमुळे, ज्यांना जन्मतः दुखणंच कळत नव्हतं, त्यातला एक पोरगा रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालून दाखवायचा. गोळी डमी औषधापेक्षा सरस ठरली, जुन्या हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉल या ओपिऑइडवाल्या गोळीपेक्षा नाही, आणि बाजारात आली तेव्हा एका गोळीची किंमत १५.५० डॉलर होती.

आईचा ब्लॉक दुसऱ्या रात्री उतरला. मावशी उशाशी होती, तिने नवीन पद्धतीने विचारलं, "ताई, दहापैकी किती?" "किती काय किती, दुखतंय म्हटलं ना!" एक ट्रामाडॉल दिली, पहाटे उलटी झाली, पुढच्या रात्री अर्धीवर भागलं. डिस्चार्जनंतर घरी आल्यावर मावशीने पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, आठ, आणि रजिस्टर नव्हतं म्हणून कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाखाली तारखेसकट लिहून सही केली. दुसरी सही मला करायला लावली.