"माज कधी लागला?" हे आम्ही आधी का विचारतो

इंदूर आणि आसपासच्या आमच्या गोपालक ग्राहकांसाठी

राऊ, सांवेर, महू, कुठूनही कृत्रिम रेतनासाठी (वळूचं वीर्य नळीने गायीच्या गर्भाशयात सोडण्यासाठी) फोन आला तरी आमचा पहिला प्रश्न ठरलेला: माज कधी लागला, म्हणजे गाय फळायला तयार होऊन दुसऱ्या जनावराला अंगावर चढू देत शांत उभी कधीपासून राहतेय? "सोट आत्ताच दिसलाय, लगेच या हो," म्हणत काहीजण चिडतात. (सोट म्हणजे माजावरच्या गायीचा चिकट स्राव.) चिडणं बरोबरच आहे. एक माज वाया गेला, की पुढचे एकवीस दिवस चारा घाला आणि वाट बघा. तरीही आम्ही थांबायला सांगतो, ते शुक्राणूंच्या स्वभावामुळे.

वळूचा शुक्राणू गायीच्या पोटात गेल्या गेल्या अंडं फळवू शकत नाही. शुक्राणूंचा हा स्वभाव संशोधक चँग यांनी अमेरिकेत आणि ऑस्टिन यांनी ऑस्ट्रेलियात सशा-उंदरांवरच्या प्रयोगांतून १९५१ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिलं. मादीच्या अंगात काही तास काढल्यावरच शुक्राणू कामाचा होतो. या तयारीला कपॅसिटेशन म्हणतात.

शुक्राणूच्या अंगावर वीर्यातल्या प्रथिनांचा लेप असतो. गर्भाशयात आणि अंडवाहिनीत तो लेप उतरतो, पडद्यातलं कोलेस्टेरॉल निघून जातं आणि पडदा सैल पडतो. मग बायकार्बोनेट आणि कॅल्शियम आत शिरतात. इतका वेळ एका लयीत हलणारी शेपटी आता चाबकासारखे फटके मारू लागते. अंडवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेला शुक्राणू याच जोरावर सुटतो. डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते, तीही आता फुटायला तयार होते. ती फुटल्याशिवाय अंड्याच्या जाड आवरणातून आत जाताच येत नाही. एवढ्याशा जिवाची ही तयारी इतक्या वर्षांनंतरही आम्हाला थक्क करते.

अडचण अशी, की तयार झालेला शुक्राणू फार टिकत नाही. त्यात आपला माल म्हणजे गोठवलेलं वीर्य. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून गेलेल्या शुक्राणूचा पडदा थंडीनेच अर्धा सैल झालेला असतो, म्हणून तो लवकर तयार होतो आणि लवकर संपतो. गायीचं अंडं मात्र माज ओसरल्यावर साधारण दहा-बारा तासांनी सुटतं आणि तेही थोडेच तास जगतं. घाईत रेतन केलं, तर अंडं येईपर्यंत शुक्राणू मेलेले असतात. म्हणून सकाळी माज दिसला तर आम्ही संध्याकाळी येतो, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. "दोन स्ट्रॉ भरा" म्हणू नका. एका स्ट्रॉमध्ये, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळीत, साधारण दोन कोटी शुक्राणू असतात. उणीव संख्येची नसते, वेळेची असते.

आमचा माणूस आला, की त्याच्या हाताकडे जरूर बघा. थर्मासमधलं पाणी थर्मामीटरने ३७ अंश मोजून घ्यायचं, स्ट्रॉ चिमट्याने काढून त्यात साधारण ३० सेकंद धरायची, मग पुसून पूर्ण कोरडी करूनच कापायची. आत गेलेला पाण्याचा थेंबसुद्धा शुक्राणूंना मारतो. यातलं काही चुकताना दिसलं, तर तिथेच थांबवा आणि आम्हाला कळवा.

म्हशींचं वेगळं. त्यांचा माज मुका, म्हणजे फारशा खुणा न दाखवणारा, उन्हाळ्यात तर कळतच नाही. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे गोठ्यात एकेक फेरी मारा. पहिली खूण दिसली ती वेळ खडूने भिंतीवर लिहा आणि फोनवर तीच सांगा. रेतनानंतर दुसऱ्या दिवशीही जनावर माजावर असेल तर पुन्हा बोलवा. त्या खेपेचे पैसे आम्ही घेत नाही.