म्स्तिस्लाव्ह (स्लाव्ह पुरुषनाम)

म्स्तिस्लाव्ह हे रशियन, युक्रेनियन आणि बेलारूसी समाजांतील एक प्राचीन, पण आज क्वचितच आढळणारे पुरुषनाम आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकापर्यंत कीव्हच्या रूरिक राजवंशात ते पिढ्यान्‌पिढ्या ठेवले जात होते. त्या राजवंशाबाहेर ते फारसे पसरले नाही, आणि त्याच्या आजच्या दुर्मिळतेचे मूळ मुख्यतः येथेच आहे.

नाव दोन पदांचे आहे. पहिल्या पदाचा अर्थ सूड, तर दुसऱ्या ‘स्लावा’ या पदाचा अर्थ कीर्ती. त्यामुळे ‘सूड उगवून कीर्तिमान झालेला’ असा अर्थ सर्रास दिला जातो. तो शब्दशः चुकीचा नाही, पण अशा नावांचा समासविग्रह करून त्यातून पूर्ण वाक्य काढण्याची घाई करू नये. जुन्या स्लाव्ह सरदार-घराण्यांत पदांचा एक ठरावीक साठा असे आणि त्यातील दोन पदे जोडून नावे घडवली जात. यारोस्लाव्ह, इझ्यास्लाव्ह, रोस्तिस्लाव्ह, यारोपोल्क, स्व्यातोपोल्क ही सगळी याच पठडीतली. म्स्तिस्लाव्हचे पहिले पद पश्चिमेकडील स्लाव्ह लोकांच्या म्स्तिवोय या नावातही येते, आणि ९८३ च्या सुमारास जर्मन सत्तेविरुद्ध उठलेल्या ओबोद्राइट टोळीच्या राजाचे ते नाव होते.

‘सूड’ हा शब्द आजच्या वाचकाला खटकतो, परंतु त्या काळी सूड हे कुटुंबावरचे कर्तव्य मानले जाई. ‘रूस्काया प्राव्हदा’ या जुन्या रूस (कीव्हभोवतीचे तत्कालीन स्लाव्ह राज्य) कायदेसंहितेचे पहिलेच कलम सांगते की खून झालेल्या माणसाचा सूड भावाने, मुलाने, वडिलांनी किंवा पुतण्या-भाच्याने घ्यावा, आणि सूड घेणारा कोणी नसेल तर खुन्याने चाळीस ग्रिव्हना (तत्कालीन चलन) दंड भरावा. कीव्हचा राजा यारोस्लाव्ह याच्या मुलांनी पुढे रक्ताचा सूड रद्द करून त्याजागी दंड आणला. नाव घडले तेव्हा मात्र आपल्या माणसांचा कैवार घेणारा आणि सूड घेणारा यांत फरक केला जात नव्हता, म्हणून काही अभ्यासक पहिल्या पदाचा अर्थ ‘रक्षण करणारा’ असा सौम्य करतात.

मराठी वाचकाला या नावाचे दुसरे पद वाटते तितके परके नाही. स्लाव्ह ‘स्लावा’ आणि संस्कृत ‘श्रवस्’ हे एकाच आदिम धातूपासून आले आहेत. ज्याच्याविषयी ऐकू येते तो कीर्तिमान, ही कल्पना दोन्हींत आहे. महाभारतातील भूरिश्रवा, म्हणजे विपुल कीर्तीचा, हे नाव घडणीच्या दृष्टीने म्स्तिस्लाव्हचे दूरचे भावंडच म्हणता येईल. पहिल्या पदाचा संबंधही अनेक व्युत्पत्तिकार देवाणघेवाण दाखवणाऱ्या धातूशी आणि पर्यायाने संस्कृत ‘मिथस्’ म्हणजे ‘परस्पर’ या शब्दाशी जोडतात. परतफेड या अर्थाने पाहिले तर ‘उट्टे फेडणे’ या मराठी प्रयोगातही नेमकी हीच कल्पना आहे.

नावाच्या आरंभी येणारा म-स-त हा व्यंजनगुच्छ मूळचा नव्हे. अकराव्या शतकात ‘म’नंतर एक अतिऱ्हस्व इकारासारखा स्वर होता आणि उच्चार साधारण ‘मिस्तिस्लाव्ह’ असा होत असावा. पुढील दीडशे-दोनशे वर्षांत पूर्व स्लाव्ह बोलींतील असे दुर्बळ स्वर लोप पावले आणि तीन व्यंजने एकमेकांना येऊन चिकटली. पोलिश भाषेत हेच नाव ‘म्श्चिस्वाफ’च्या जवळ जाते. बेलारूसमधील म्स्तिस्लाव्हल या गावाच्या नावापुढे बेलारूसी भाषेत कधी कधी ‘अ’ लावला जातो. आपल्याकडे ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ होते तसाच हा प्रकार. बाराव्या शतकात स्मोलेन्स्कचा राजा रोस्तिस्लाव्ह याने आपल्या वडिलांच्या नावावरून वसवलेले हे गाव आज मोगिलेव्ह प्रांतात आहे. या गावाच्या जहागिरीवरून म्स्तिस्लाव्हस्की हे आडनाव पडले, आणि १६१० मध्ये मॉस्कोचा कारभार हाती घेणाऱ्या सात सरदारांचा प्रमुख फ्योदोर म्स्तिस्लाव्हस्की होता. म्हणजे व्यक्तिनाम मागे पडल्यावरही ते आडनावात टिकून राहिले.

या नावाचा पहिला प्रसिद्ध धारक म्हणजे कीव्हच्या व्लादिमिर राजाचा मुलगा, त्मुताराकान व चेर्निहिव्ह या संस्थानांचा राजा म्स्तिस्लाव्ह. त्याची १०२२ मधील कथा जुन्या रूस बखरीत बरीच तपशिलाने आली आहे. कॉकेशसमधील कासोग लोकांचा नायक रेदेद्या याने सुचवले की सैन्ये कशाला मारायची, आपण दोघेच कुस्ती खेळू; जो जिंकेल त्याने दुसऱ्याची मालमत्ता, बायको, मुले आणि भूमी घ्यावी. रेदेद्या धिप्पाड होता. झोंबाझोंबीत म्स्तिस्लाव्ह थकू लागला तेव्हा त्याने देवमातेला चर्च बांधण्याचा नवस बोलला, मग प्रतिस्पर्ध्याला आपटले, सुरी काढून मारले आणि नवस फेडला. १०२४ मध्ये लिस्त्व्हेनच्या वादळी रात्री त्याने भाऊ यारोस्लाव्ह याचा पराभव केला, आणि दोन वर्षांनी भावाभावांत द्नीपर नदी ही हद्द ठरली. १०३६ मध्ये तो शिकारीवर गेला असता आजारी पडून वारला. त्यावेळी चेर्निहिव्हच्या रूपांतर कॅथीड्रलच्या भिंती घोड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर आल्या होत्या, असे बखरकार लिहितो. हे कॅथीड्रल आजही उभे आहे.

त्याहून मोठा नावलौकिक कीव्हचा राजा म्स्तिस्लाव्ह पहिला (१०७६–११३२) याचा. त्याची आई गिथा ही हेस्टिंग्जच्या लढाईत १०६६ मध्ये पडलेल्या इंग्लंडच्या हॅरल्ड राजाची मुलगी. त्यामुळे या एका माणसाला तीन नावे होती: घराण्याचे म्स्तिस्लाव्ह, बाप्तिस्म्याचे फ्योदोर, आणि स्कँडिनेव्हियन सागांत (जुन्या वीरकथांत) येणारे हाराल्द. नोव्हगोरोदला असताना त्याच्यासाठी तयार झालेली सचित्र गॉस्पेल-पोथी ‘म्स्तिस्लाव्ह गॉस्पेल’ म्हणून ओळखली जाते आणि ती मॉस्कोच्या राज्य इतिहास संग्रहालयात आहे. त्याच्या मुलीच्या पोटी जन्मलेला डेन्मार्कचा राजा वाल्देमार पहिला याला पणजोबा, म्हणजे म्स्तिस्लाव्ह पहिल्याचे वडील व्लादिमिर मोनोमाख, याचे नाव मिळाले आणि ते नाव उत्तरेत रुजले. आजोबांच्या नावाला मात्र तो प्रवास लाभला नाही.

नावाला उतरती कळा लागण्याचे कारण राजघराण्याच्या दुहेरी नामपद्धतीत शोधावे लागते. राजपुत्राला पूर्वजाचे स्लाव्ह नाव आणि चर्चच्या पंचांगातील संताचे नाव अशी दोन नावे असत. सामान्य घरांत ख्रिस्ती नावच हळूहळू एकमेव अधिकृत नाव झाले. व्लादिमिर, बोरिस, ग्लेब या राजघराण्यातील पुरुषांना संतपद मिळाले आणि त्यांची नावे झोपडीपर्यंत पोचली. म्स्तिस्लाव्ह नावाचा संतही होता, नोव्हगोरोदला ११८० मध्ये वारलेला ‘शूर’ म्स्तिस्लाव्ह, पण त्याची भक्ती स्थानिकच राहिली. १२२३ च्या काल्का नदीवरील लढाईत मंगोलांपुढे कीव्हचा म्स्तिस्लाव्ह आणि चेर्निहिव्हचा म्स्तिस्लाव्ह दोघेही मारले गेले. तिसरा, गालिचचा म्स्तिस्लाव्ह, नदी ओलांडून निसटला. एकाच रणात एकाच नावाचे तीन राजे हा त्या नावाचा परमोत्कर्ष म्हणावा लागेल, जरी तो ठीक त्याच्या ऱ्हासाच्या उंबरठ्यावर आला. चौदाव्या-पंधराव्या शतकांपासून नाव मागे पडत गेले.

एकोणिसाव्या शतकात जुन्या रूस इतिहासाची ओढ वाढल्यावर सुशिक्षित घरांत हे नाव पुन्हा दिसू लागले. चित्रकार म्स्तिस्लाव्ह दोबुझिन्स्की (१८७५–१९५७) हा त्याच पिढीचा. गणितज्ञ म्स्तिस्लाव्ह केल्दिश (१९११–१९७८) यांच्या वडिलांचे नाव व्हसेव्होलोद, म्हणजे बाप-लेक दोघांचीही नावे राजघराण्यातली. सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद त्यांनी १९६१ ते १९७५ भूषवले, तरी अंतराळ-कार्यक्रमातील कामासाठी वृत्तपत्रे त्यांना बरीच वर्षे केवळ ‘प्रमुख सिद्धान्तकार’ म्हणत, नाव छापत नसत. युक्रेनमध्ये म्स्तिस्लाव्ह चेर्नोव्ह यांच्या मारिऊपोलविषयीच्या माहितीपटाला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले.

रोजच्या बोलण्यात हे नाव आणखी झाकले जाते, कारण त्याचे लघुरूप ‘स्लावा’ असेच होते, आणि व्याचेस्लाव्ह, यारोस्लाव्ह, रोस्तिस्लाव्ह यांनाही घरी स्लावाच म्हणतात. वर्गात स्लावा नावाचे तीन मुलगे असले तर त्यांतला एखादा म्स्तिस्लाव्ह असेल हे हजेरीपट पाहिल्याशिवाय कळत नाही. बाकूत जन्मलेले चेलोवादक म्स्तिस्लाव्ह रोस्त्रोपोव्हिच (१९२७–२००७) जगभर स्लावा म्हणूनच ओळखले गेले, आणि १९७७ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राची सूत्रे घेतली तेव्हा लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी त्यांच्यासाठी रचलेल्या संगीताचे शीर्षकही ‘स्लावा!’ हेच होते. रशियन भाषेत त्या एका शब्दाचा अर्थ त्यांचे घरगुती नाव असाही होतो आणि ‘जयजयकार’ असाही.