कागदोपत्री २० ऑक्टोबर १९४४ ला मेलेला राजदूत

फ्रेंच राजदूत स्तेफान हेसेलचं नाव निघालं की दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक म्हणजे वयाच्या ९३व्या वर्षी त्याने लिहिलेली तीसेक पानांची पुस्तिका, जिच्या लाखो प्रती खपल्या, आणि दुसरी म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा यानेच लिहिला. यातली दुसरी तितकीशी खरी नाही, आणि ते त्याने स्वतःच हयात असताना स्पष्ट केलं होतं, पण तो त्या कामाजवळ पोचला कसा ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट तीच आहे.

जन्म १९१७ चा, बर्लिनचा. म्हणजे हा फ्रेंच राजदूत मुळात जर्मन. वडील फ्रान्झ हेसेल लेखक, ज्यू कुटुंबातले, विचारवंत वाल्टर बेंजामिनबरोबर त्यांनी फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तचा जर्मन अनुवाद केला होता. पोरगा सात वर्षांचा असताना पॅरिसला आला, तिथेच शिकला, युद्धाच्या आधी फ्रेंच नागरिक झाला आणि १९४० मध्ये फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या हाती सापडला. तिथून निसटला. वडिलांना मात्र फ्रान्सनेच जर्मन म्हणून छावणीत डांबलं होतं, सुटले तेव्हा तब्येत पार ढासळलेली, जानेवारी १९४१ मध्ये गेले. त्याच वर्षी हेसेल लंडनला, तिथून जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या जनरल द गॉलच्या लोकांना जाऊन मिळाला आणि त्यांच्या गुप्तचर खात्यात लागला.

मार्च १९४४ अखेर त्याला रात्री विमानाने फ्रान्समध्ये उतरवलं. दोस्तांच्या फौजा उतरायच्या आधी वायरलेसचं जाळं नीट बसवायचं, एवढंच काम. १० जुलैला पॅरिसमध्ये पकडला गेला कारण आधी पकडलेल्या एका साथीदाराने छळापुढे तोंड उघडलं होतं. चौकशी अव्हेन्यू फॉशवर, पाण्याच्या टबात डोकं बुडवून बुडवून. याच रस्त्यावर ८४ नंबरच्या इमारतीत आदल्या वर्षी ब्रिटिशांची गुप्तहेर नूर इनायत खानला ठेवलं होतं, जिचे वडील आपल्या गायकवाडांच्या बडोद्याचे. ८ ऑगस्टला हेसेलसकट ३७ कैद्यांची तुकडी गाडीत घालून जर्मनीकडे रवाना केली. पॅरिस मुक्त झालं २५ ऑगस्टला. सतरा दिवस! हे सतरा दिवस वाचताना दरवेळी पोटात कालवतं.

तुकडी पोचली ती जर्मनीतल्या बुखेनवाल्ड या नाझी छळछावणीत. तिथे सप्टेंबरात एक दिवस भोंग्यावर त्यातल्या १६ जणांची नावं पुकारली. फाटकाकडे या. गेले ते परत आलेच नाहीत, फाशी दिलं होतं. उरलेल्यांना कळून चुकलं की आता आपला नंबर.

आता इथे जरा थांबतो. छावणीत ब्लॉक ४६ होता, जिथे कैद्यांना मुद्दाम टायफस (उवांमुळे पसरणारा जीवघेणा ताप) टोचून लशीचे प्रयोग चालायचे. छावणी चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाचे पहारेकरीसुद्धा लागण होईल या भीतीने आत पाऊल टाकत नसत. प्रयोगाचा प्रमुख डॉक्टर डिंग-शूलर, आणि त्याचा कारकून म्हणजे ऑयगेन कोगोन नावाचा कैदी. युद्ध हरणार हे डॉक्टरला दिसायला लागलं होतं, उद्या आपल्या बाजूने साक्ष द्यायला कोणी हवं हे त्याच्या डोक्यात कोगोननेच भरवलं, आणि अदलाबदलीला त्याने होकार दिला. टायफसने मरणाऱ्या फ्रेंच कैद्याचं नाव आणि नंबर जिवंत माणसाला द्यायचा, आणि वहीत जिवंत माणूस मेला म्हणून लिहायचं. ब्लॉकचा मुकादम आर्थर डीत्श, हाही कैदीच, त्याने या माणसांना आत लपवलं.

फक्त तिघांची सोय होती. इंग्रज अधिकारी यो-थॉमस, दुसरा पल्व्हे, तिसरा हेसेल. तिसरा कोण हे ठरवायचं म्हणजे बाकीच्यांना मागे ठेवायचं, आणि मागे राहिलेल्यांतले बहुतेक ऑक्टोबरात गोळ्या घालून मारले.

हेसेलच्या वाट्याला आलेला मिशेल ब्वातेल २० ऑक्टोबरला गेला. त्या दिवशी हेसेलला सत्तावीस पूर्ण झाली. वाढदिवसालाच दुसऱ्याचं नाव. त्याच दिवशी छावणीच्या वहीत स्तेफान हेसेल मेला आणि हा ब्वातेल म्हणून रॉटलेबेरोडेच्या कारखान्यात कामाला गेला, तिथून पळायचा प्रयत्न फसला, शिक्षा म्हणून डोरा छावणीत टाकलं जिथे बोगद्यात व्ही-२ रॉकेटं बनायची, आणि एप्रिल १९४५ मध्ये बेर्गन-बेल्झन छावणीत नेताना त्याने चालत्या गाडीच्या तळाच्या फळ्या उचकटून खाली उडी टाकली. पुढे अमेरिकन सैनिक भेटले, सुटला.

त्याच वर्षी परराष्ट्र खात्याची परीक्षा पास झाला. नेमणूक खरं तर चीनला, पण १९४६ मध्ये वाटेत न्यूयॉर्कला थांबला, सासर तिथे होतं, आणि संयुक्त राष्ट्रांतल्या आंरी लोजिएने त्याला हाताशी घेतलं. जाहीरनाम्याचं सचिवालयीन काम लोजिएच्याच खात्यातून चालायचं. म्हणजे हेसेल लिहिणाऱ्यांतला नव्हता, जवळून बघणारा आणि कागद पुढे सरकवणारा होता. मसुदा करणाऱ्या आयोगात भारताच्या हंसाबेन मेहता होत्या, बडोद्याच्या दिवाणांची मुलगी, मुंबईत राजकारण केलेल्या. कलम १ मधलं 'सर्व पुरुष' काढून 'सर्व माणसं' त्यांनी करायला लावलं. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसच्या पाले द शायोमध्ये ४८ मतं बाजूने, ८ तटस्थ, विरोधात एकही नाही.

नंतर सायगॉन, अल्जियर्स, १९७७ पासून जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांकडे फ्रान्सचा प्रतिनिधी, १९८१ मध्ये राजदूतांना मिळणारा सर्वोच्च किताब. २७ फेब्रुवारी २०१३ ला पॅरिसमध्ये ९५व्या वर्षी तो गेला आणि यावेळी नोंद त्याच्याच नावाने झाली.